सरळ बोट

आमच्या कोळवण खोऱ्यात वेलावरच्या कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवत नाहीत. दाखवायचंच झालं तर बोट मुडपून, पेरानं दाखवायचं. सरळ बोट रोखलं की फळ पिवळं पडतं, कुजतं आणि गळतं. पोरांना धड बोलता येत नसतं तेव्हापासून हे शिकवतात. माझ्या माहेरीही हेच होतं, त्यामुळे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही. मी एकदा सरळ बोट दाखवलं. जाणूनबुजून दाखवलं. आणि ज्याला दाखवलं तो माझ्या धाकट्या जावेच्या दारातला वीतभर दुधी भोपळा होता.

का दाखवलं ते सांगायचं तर आधी परसाचं सांगायला हवं.

मोठ्या दुष्काळानंतरच्या साली मी लग्न होऊन या घरात आले. घरामागचं परस तेव्हा सासूबाईंचं होतं. मोरीच्या पाण्यावर चार मिरच्या, दोन वांगी, अळवाचं एक बेट आणि बाकी सगळे दगड. तिसऱ्या महिन्यात त्यांनी खुरपं माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "आता तू बघ." खुरपं दिलं म्हणजे राज्यच दिलं असं मला वाटलं आणि मी पदर खोचून कामाला लागले.

त्या पहिल्या पावसाळ्यात उकिरड्याच्या कडेला मी लाल भोपळ्याचा वेल लावला. अकरा फळं धरली. रोज सकाळी चूळ भरायच्या आधी मी ती मोजून येत असे. आकडा कुणाला सांगितला नाही, नवऱ्यालाही नाही. वेलावरची फळं मोजून बोलून दाखवली की नजर लागते, हेही मी माहेरून शिकून आले होते. पण लिंबाएवढं झालं की एकेक पिवळं पडायचं आणि गळायचं. पंधरा दिवसांत वेल रिकामा झाला. मी परसात बसून रडले. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "हितली जमीनच तसली हाय. भोपळा न्हाई येत हितं."

दुसऱ्या साली त्याच जागी भोपळा आला, आणि असा आला की दारोदार वाटावा लागला. तेव्हा सासूबाई काही म्हणाल्या नाहीत.

पुढची सहा वर्षं मी त्या परसात घातली. पाटीपाटीनं दगड काढले, शेण टाकलं, भोवती करवंदीच्या काट्यांची वई केली. आमच्याकडे गौरीच्या जेवणाला सोळा भाज्या लागतात. बाकीच्या घरांत दहा घरच्या, चार शेजारच्या आणि दोन बाजारच्या अशी जुळवाजुळव चालायची. माझ्याकडे सोळाच्या सोळा परसातल्या. शेजारच्या बायका गौरीच्या आदल्या दिवशी टोपली घेऊन माझ्याकडे यायच्या आणि मी हात आखडता न घेता द्यायची. पण सासूबाई जेवायला बसायच्या, सगळ्या भाज्या चाखायच्या आणि म्हणायच्या, "घेवड्याला मीठ कमी हाय."

मला त्यांच्याकडून दुसरं काही नको होतं. लुगडं नको, दागिना नको. थोरले, परस चांगलं केलंस, एवढं एकदा ऐकायचं होतं. ते सात वर्षांत ऐकायला मिळालं नाही.

आणि मग धाकटी आली.

माझे दीर पिंपरीला कारखान्यात लागले होते. तिकडे खोली मिळेना म्हणून लग्नानंतर बायकोला त्यांनी गावीच ठेवली; स्वतः आठवड्याच्या सुट्टीला एसटीनं यायचे. ती पुण्यात वाढलेली. तिचे वडील तिकडे एका मोठ्या बंगल्यावर बागकाम करायचे, आणि तिचं लहानपण त्या बागेत वाफ्यांच्या कडेकडेनं गेलेलं. भाकरी तिला थापता येत नव्हती. चुलीचा धूर डोळ्यांत गेला की बाहेर पळायची. मी मनात म्हटलं, ठीक आहे, हिच्यापासून आपल्याला धोका नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर तिनं सासूबाईंकडे दारापुढची जागा मागितली. झेंडू लावील, गुलबक्षी लावील, असं मला वाटलं. ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, तुमच्याकडचं थोडं थोडं बी द्याल का? सगळ्यांचं?" मी दिलं. हातचं राखून दिलं, पण दिलं. म्हणजे पुढे जे झालं ते माझ्याच बियांनी झालं.

श्रावणात दारापुढं काय उभं राहिलं ते सांगते. गाडीरस्त्यापासून ओट्यापर्यंतच्या पायवाटेला दोन्ही बाजूंनी लाल माठाची किनार. लुगड्याच्या काठासारखी, एक रोप इकडचं तिकडं नाही. तिच्यामागं वांगी, तीही जांभळ्या फुलांची निवडून. भिंतीला लागून भेंडी. भेंडीच्या फुलाच्या पोटात गडद ठिपका असतो हे मी इतकी वर्षं भेंडी तोडून कधी बघितलं नव्हतं. डालड्याच्या डब्यांना गेरू फासून त्यांत मिरच्या लावल्या होत्या आणि ते डबे ओट्याच्या पायऱ्यांवर मांडले होते. मिरच्या लाल झाल्या तरी ती तोडायची नाही. कोथिंबीर तिनं फुलावर जाऊ दिली. मुळाही. पांढऱ्या फुलांचा मुळा वाऱ्यावर डुलतोय आणि घरात नऊ माणसं कोरड्यासाला काय करायचं म्हणून बसलीत. आणि या सगळ्याच्या मधोमध, पायवाटेवर, बांबूची कमान आणि कमानीवर दुधीचा वेल. संध्याकाळी त्याची पांढरी फुलं उमलायची तेव्हा रस्त्यानं जाणारी माणसं थांबायची.

मीही थांबायची. हे मी तेव्हा कुणाजवळ कबूल केलं नसतं. पाण्याची कळशी घेऊन येताना त्या कमानीखाली माझे पाय आपोआप हळू व्हायचे आणि मग मला माझाच राग यायचा. जळत होते मी, उगाच गोड शब्द कशाला वापरायचा. माझं परस घरामागं, उकिरड्याशेजारी. तिथं कोण बघायला येणार?

एकदा विहिरीवर शेजारणींना मी म्हटलं, "आमच्या धाकटीनं घराची पार शोभा केली बघा." आता शोभा केली म्हणजे काय ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. चारचौघांत हसं केलं, असा त्याचा अर्थ. बायका हसल्या. पण मागून सासूबाई येत होत्या. त्यांनी तेवढंच ऐकलं आणि सरळ अर्थानं घेतलं.

"व्हय बया," त्या म्हणाल्या. "लई शोभा केली पोरीनं. दार कसं भरल्यावाणी दिसतंया."

सात वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते वाक्य असं विहिरीवर, माझ्याच तोंडच्या शब्दाला धरून, दुसरीला मिळालं. माझी कळशी भरून वाहत होती तरी मी दोर ओढत राहिले.

तेव्हा पुण्याच्या लोकांनी खोऱ्यात वरच्या अंगाला जमिनी घ्यायला सुरुवात केली होती. शनिवारी-रविवारी त्यांच्या जीपगाड्या चिखल उडवत जायच्या. एका रविवारी एक जीप आमच्या दारात थांबली. गॉगल लावलेली एक बाई उतरली, गळ्यात कॅमेरा. मी गोठ्यातून शेणाची पाटी घेऊन येत होते.

"ही बाग कोणी केली हो?" तिनं विचारलं.

"बाग कसली, भाजी हाय," मी म्हटलं. "आपसूक उगावलीया."

तेवढ्यात सासूबाई ओट्यावर आल्या. "आपसूक कशी उगावंल? धाकटीनं केलीया," म्हणाल्या आणि आत हाक मारली. धाकटी हात पुसत आली. त्या बाईनं दोघींना कमानीखाली उभं केलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. मग डोळ्यावरून काढला आणि मला म्हणाली, "बाई, तुम्ही जरा बाजूला होता का? पाटी मध्ये येतेय."

मी बाजूला झाले. महिन्याभरानं त्यांचा ड्रायव्हर फोटो देऊन गेला. काळापांढरा होता, त्यामुळे माठाची ती लाल किनार नुसतीच काळी आली. त्याचं मला फार बरं वाटलं. सासूबाई आणि धाकटी कमानीखाली, आणि उजव्या कडेला माझ्या पाटीचा काठ आणि त्याला धरलेली माझी चार बोटं. तो फोटो अजून आमच्या ओटीवर आहे. पाहुणे विचारतात, ही बोटं कुणाची?

त्या साली गौरीच्या आठ दिवस आधी घुशीनं माझा दोडक्याचा वेल मुळाशी कुरतडला. सगळी भाजी मोजली तर पंधरा. परत मोजली तरी पंधराच. परसाबाहेरची भाजी गौरीला न आणण्याचा माझा जो नेम होता तो मोडणार होता. पण दारापुढं कमानीला दुधी लागला होता. पहिलाच, वीतभर, अंगावर लव असलेला, भाजीला अगदी बेतशीर. बी तर माझंच होतं. घरही एकच. मी धाकटीला म्हटलं, "त्यो दुधी दे गं गौरीला."

तिचं तोंड उतरलं. "ताई, तो नको ना," म्हणाली. "तो कमानीच्या बरोबर मध्ये आलाय. माठ न्या हवा तेवढा. मिरच्या न्या."

माठ माझ्या पंधरांत होताच. मी सासूबाईंकडे बघितलं. देवाच्या कामाला त्या नाही म्हणणार नाहीत अशी माझी खात्री होती. त्या जाता-येता त्या दुधीला हात लावायच्या, देवळातल्या घंटेला लावतात तसा.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "ते शोभंचं हाय. पोटाचं दुसरं बघ कायतरी."

सोळावी भाजी मी शेजारून मागून आणली. पडवळ होतं. ज्या घरांत मी टोपल्या भरभरून दिल्या त्यांतल्या एका घरी मी वाटी घेऊन उभी राहिले. शेजारीण काही बोलली नाही, आणि तिनं बोलायला हवं होतं असं मला वाटलं. गप्प राहणं जास्त लागलं.

गौरी जेवल्या त्या दुपारी पुरणावर सगळं घर आडवं झालं होतं. मी उष्टी काढून बाहेर आले. पावसाची उघडीप होती. कमानीखाली जाऊन उभी राहिले. तर्जनी सरळ केली, दुधीवर रोखली आणि चांगली दहा आकडे मोजेपर्यंत धरली. शिव्याशाप दिले नाहीत. मग हात पदराला पुसला आणि भांडी घासायला गेले. सरळ बोटानं तूप निघत नाही म्हणतात. मला तूप नकोच होतं.

चौथ्या दिवशी दुधीचं शेंड्याकडचं टोक पिवळं पडलं. सातव्या दिवशी तो सकाळी पायवाटेवर पडलेला सापडला, अर्धा पाणी झालेला.

मला वाटलं होतं, धाकटी रडेल. ती उकिडवी बसली, काडीनं दुधी उलटा केला आणि म्हणाली, "फळमाशी असणार ताई. हे बघा, टोचलेलं दिसतंय." मग मान वर करून म्हणाली, "तुमच्या परसात असं कधी सडत नाही. तुम्ही राख टाकता ती कधी टाकता? मला शिकवाल?"

सकाळी दवावर टाकायची म्हणजे पानाला धरते, मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिला बरोबर घेऊन टाकूनही दाखवली. ती माझ्यामागून मन लावून बघत होती. मी तिच्यावर जळत होते हे तिच्या गावीही नव्हतं. असल्या माणसाचा मत्सर करणं फार जड जातं. भांडली असती तर बरं झालं असतं.

सासूबाईंनी सडका दुधी पायवाटेवर बघितला आणि म्हणाल्या, "हितली जमीनच तसली हाय." एवढं बोलून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्याच आठवड्यात विळीवर गवार चिरताना माझं तेच बोट कापलं. चिंधी बांधली होती. सासूबाईंनी चिंधीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बोट सांभाळ, थोरले."

दिवाळीनंतर दिरांना पिंपरीला खोली मिळाली. धाकटी निघाली तेव्हा गेरूच्या डब्यांतला एक मिरचीचा डबा मांडीवर घेऊन एसटीत बसली. चाळीच्या गॅलरीत ठेवीन म्हणाली. बाकीचं दार तिनं माझ्यावर सोपवलं. "ताई, तुम्ही असल्यावर मला काळजी नाही."

मी ठरवलं होतं की सगळं उपटून तिथं सरळ घेवड्याचे वाफे करायचे. पुढच्या पावसाळ्यात खुरपं घेऊन गेले, आणि हातांनी माठाची किनारच लावली. कमानही बांधली. भेंडीचं ते फूल एकदा दिसल्यावर न दिसल्यासारखं करता येत नव्हतं. वर्षावर्षाला मी तिच्याहून दाट किनार केली, चवळीचे वेल भिंतीवर चढवले, ओट्याच्या दोन अंगांना अळू लावलं. लोक थांबायचे आणि म्हणायचे, "धाकटीची बाग अजून टिकून हाय की." पाणी मी घालायची, राख मी टाकायची, गोगलगायी मी वेचायची, आणि बाग धाकटीची. ती वर्षातून एकदा गणपतीला यायची, कौतुकानं बघायची आणि माझा जळफळाट नव्यानं सुरू व्हायचा.

अशी नऊ-दहा वर्षं गेली. सासूबाई थकल्या. मोतीबिंदू काढून जाड भिंगाचा चष्मा लागला होता. दिवसभर ओट्यावर बसायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्याला ओळखायचा प्रयत्न करायच्या. एका श्रावणात दुपारी मी त्यांच्याजवळ शेंगा सोलत बसले होते. कमानीला दुधी धरला होता. त्यांना दिसत नव्हता म्हणून मी बोट मुडपून दाखवला. "त्यो बघा आत्याबाई. पानाआड."

त्यांनी दुधीकडे बघितलं नाही. माझ्या मुडपलेल्या बोटाकडे बघितलं आणि ते आपल्या हातात धरलं.

"त्या गवरीला सरळ केलं व्हतंस," त्या म्हणाल्या. "म्या खिडकीतनं बगितलं."

माझ्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या. मग म्हटलं, "मंग तवा बोलला का न्हाई?"

"काय बोलू? कोन्त्या तोंडानं?" त्यांनी माझं बोट सोडलं नव्हतं. "तुजं पयलं साल आठवतंया? उकिरड्याकडचा तांबडा भोपळा? त्याला म्या दावलं व्हतं. एकेकाला दावलं. अकराच्या अकरा."

"का वो?"

"परस माजं व्हतं. वीस वर्सं म्या केलं आन चार मिरच्यांच्या फुडं न्हाई ग्येलं. तू कालची पोर आलीस आन दोन म्हयन्यांत त्याचं सोनं केलंस. मला न्हाई बगवलं."

अकरा. तो आकडा मी कुणालाही सांगितलेला नव्हता. म्हणजे मी रोज सकाळी मोजून यायची आणि माझ्यामागून त्याही मोजून यायच्या. आणि पुढची सगळी वर्षं घेवड्याला मीठ कमीच लागत राहिलं.

मला त्या अकरा भोपळ्यांचा राग यायला हवा होता. मी विचारलं काय, तर, "आन धाकटीच्या बागंला? तिला दावलं का कवा?"

सासूबाईंनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं असावं, तशा.

"तिला कशाला दावू?" त्या म्हणाल्या. "ते शोभंचं व्हतं."

मी सांडलेल्या शेंगा वेचल्या आणि आत गेले. चुलीपुढं बसून किती वेळ एकटीच हसत होते कुणास ठाऊक. त्या दिवशी भाजीत मी मीठच टाकलं नाही, आणि सासूबाई काही न बोलता जेवल्या.